चहातल्या शुगर फ्री गोळीने डायबेटिस सुधारतो की बिघडतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बाबा ६१ वर्षांचे, वजन ६५ किलो, नऊ वर्षांपासून डायबेटिस, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड ही शुगर कमी करणारी औषधं सुरू. दिवसातून पाच वेळा चहा आणि प्रत्येक कपात दोन शुगर फ्री गोळ्या. तुमची स्वतःची एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ततपासणी) ६.१ आली आहे. वजन काट्यावर ठीक दिसतं, पण पोट सुटलं आहे आणि ऑफिसात दुपारी डायट कोला ठरलेला. घरच्या ग्रुपवर ‘या गोळ्यांनी कॅन्सर होतो आणि डायबेटिसही वाढतो’ असा मेसेज आला, तेव्हापासून आई गोळ्या बंद करून गूळ घालायचं म्हणते आहे.

मी मधुमेहाचे रुग्ण बघतो आणि ओपीडीत हा प्रश्न जवळजवळ रोज येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आधी निर्णय सांगतो. बाबांच्या गोळ्या भीतीपोटी आज बंद करायची गरज नाही. त्यांच्या जागी गूळ तर अजिबात नको. तुम्ही मात्र गोळी आणि डायट कोला दोन्ही हळूहळू सोडवत आणा. बापलेकांना वेगवेगळा सल्ला का, ते पुढे येईलच.

गोळीत काय असतं? भारतात जास्त करून सुक्रालोज, अ‍ॅस्पार्टेम किंवा स्टीव्हियाच्या पानांतला गोड अर्क. अ‍ॅस्पार्टेम साखरेच्या सुमारे २०० पट गोड, सुक्रालोज सुमारे ६०० पट. म्हणून चिमूटभरही लागत नाही, आणि कॅलरी मोजण्याइतक्या उरत नाहीत. पोटात गेल्यावर दोघांची वाट वेगळी. अ‍ॅस्पार्टेम आतड्यातच फुटतं. त्यातून फेनिलअ‍ॅलानिन आणि अ‍ॅस्पार्टिक आम्ल ही दोन अमिनो आम्लं निघतात (डाळीत आणि दुधातही तीच असतात) आणि अगदी थोडं मिथेनॉल. सुक्रालोजचा बहुतांश भाग, साधारण ८५ टक्के, शोषलाच जात नाही आणि शौचावाटे निघून जातो. म्हणजे गोळीमुळे साखर खाल्ल्यासारखी रक्तातली शुगर वर जात नाही. हे ग्लुकोमीटर लावून कुणालाही घरी पाहता येईल.

आता कॅन्सर. तो मेसेज हवेतून आलेला नाही. जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अ‍ॅस्पार्टेमला ‘२ ब’ गटात टाकलं. या गटाचा अर्थ ‘कदाचित कारणीभूत असेल, पण पुरावा मर्यादित आहे’ एवढाच. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्क आणि आशियाई पद्धतीच्या खारवलेल्या भाज्याही त्याच गटात आहेत. त्याच वेळी अन्नातल्या रसायनांची मर्यादा ठरवणाऱ्या दुसऱ्या समितीने जुनीच मर्यादा कायम ठेवली: शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ४० मिलिग्रॅम. बाबांसाठी हा आकडा २,६०० मिलिग्रॅम होतो. अ‍ॅस्पार्टेमच्या एका गोळीत साधारण २० मिलिग्रॅम धरले तर त्यांच्या दहा गोळ्या २०० मिलिग्रॅमच्या. मर्यादेचा तेरावा हिस्सा. सॅकरिनच्या बाबतीतही हेच घडलं होतं. १९७० च्या दशकात उंदरांच्या मूत्राशयात गाठी दिसल्या म्हणून अमेरिकेत पाकिटांवर इशारा छापला गेला. त्या गाठींमागची प्रक्रिया उंदरांच्या लघवीशी निगडित आहे आणि माणसात ती घडत नाही, हे कळल्यावर २००० साली तो इशारा काढला. कॅन्सरच्या भीतीने बाबांनी गोळी सोडून साखर धरावी, असं मला एकाही पुराव्यात दिसत नाही.

एक अपवाद खरा आहे. फेनिलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार असलेल्यांनी अ‍ॅस्पार्टेम घेऊ नये. त्यांच्या शरीराला फेनिलअ‍ॅलानिन हाताळता येत नाही. पाकिटावर तशी सूचना असते.

मेसेजचा दुसरा भाग, ‘डायबेटिस वाढतो’, इतका सोपा नाही, आणि माझ्या मते खरा विषय इथेच आहे.

मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मार्गदर्शक सूचना काढली की वजन कमी करण्यासाठी किंवा आजार टाळण्यासाठी कृत्रिम गोडवा वापरू नये. तिच्यामागे दोन प्रकारचे अभ्यास आहेत आणि ते दोन वेगळ्या दिशा दाखवतात. ज्या प्रयोगांत लोकांचे गट पाडून एकाला साखर आणि दुसऱ्याला गोडवा दिला, तिथे गोडव्याच्या गटाचं वजन थोडं कमी झालं, सरासरी पाऊण किलोच्या आसपास. ज्या अभ्यासांत हजारो लोकांना फक्त वर्षानुवर्षं पाहिलं, तिथे उलट चित्र आलं. गोडवा घेणाऱ्यांमध्ये पुढे टाइप २ डायबेटिस होण्याचं प्रमाण जास्त होतं: पेयांतून घेणाऱ्यांत सुमारे २३ टक्के, वरून गोळी किंवा पावडर टाकणाऱ्यांत सुमारे ३४ टक्के.

हे ३४ टक्के ऐकून माणूस घाबरतो. पण शुगर फ्रीची गोळी विकत घेतं कोण? ज्याच्या आईवडिलांना डायबेटिस आहे, ज्याचं पोट सुटलं आहे, ज्याचा रिपोर्ट ‘बॉर्डरलाइन’ आला आहे तो. धडधाकट, सडपातळ माणूस औषधाच्या दुकानात जाऊन ती डबी मागत नाही. ज्यांना डायबेटिस व्हायचाच होता ते आधीच गोळीकडे वळलेले असतात आणि मग आजाराचा ठपका गोळीवर बसतो. संशोधक वजन, वय, आहार यांचा हिशेब लावून हा दोष धुऊन काढायचा प्रयत्न करतात, पण तो पूर्ण निघत नाही. म्हणूनच ती सूचना ‘सशर्त’ आहे, आणि आधीच डायबेटिस असलेल्यांना तिच्यातून स्पष्टपणे वगळलं आहे. मेसेज पाठवणारे हे वाक्य नेमकं गाळतात. बाबांना ती सूचना लागू होत नाही. तुम्हाला होते.

मग चांगले प्रयोग काय म्हणतात? नेदरलँड्समध्ये ६४१ शाळकरी मुलांना दीड वर्ष रोज एक डबा पेय दिलं. निम्म्यांचं साखरेचं, निम्म्यांचं बिनसाखरेचं, आणि कोणतं कोणाचं हे मुलांनाही ठाऊक नव्हतं. बिनसाखरेच्या गटाचं वजन सुमारे एक किलोने कमी वाढलं. इंग्लंडमध्ये वजन उतरवणाऱ्या लोकांवर वर्षभराचा प्रयोग झाला, एका गटाला पाणी आणि दुसऱ्याला डायट पेयं. पाण्याच्या गटाचं वजन ६.१ किलोने उतरलं, डायट पेयांच्या गटाचं ७.५ किलोने. डायट पेयाने चयापचय कोलमडतो असं असतं तर हे आकडे असे आले नसते. दोन्ही प्रयोगांत फायदा कुठून आला? साखरेची ठरावीक जागा रिकामी झाली आणि दुसऱ्या खाण्याने भरली नाही, तिथून.

आपल्याकडचा पुरावाही आहे. चेन्नईतल्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने २०२४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. टाइप २ डायबेटिस असलेले १७९ भारतीय, चहा-कॉफीत साखर घेणारे. एका गटाने १२ आठवडे साखरेऐवजी सुक्रालोज घेतलं, दुसऱ्याने साखर चालू ठेवली. वजन आणि कमरेचा घेर किंचित कमी झाला. एचबीए१सीमध्ये दोन गटांत लक्षणीय फरक पडला नाही. बाबांच्या गोष्टीचा जवळजवळ पूर्ण निष्कर्ष यात आला: गोळीने नुकसान दिसलं नाही, आणि गोळीने डायबेटिसही सुधारला नाही.

हे दुसरं वाक्य लोकांच्या पचनी पडत नाही. ‘डॉक्टर, मी तर साखर केव्हाच सोडली, तरी शुगर का वाढते?’ असं कळकळीने विचारणारे रुग्ण मला रोज भेटतात. पाच कप चहात दोन-दोन चमचे साखर म्हणजे ५० ग्रॅम, २०० कॅलरी. हे थोडं नाही, ते बंद झालं हे फार चांगलं झालं. पण भारतीय माणसाच्या दिवसभराच्या कॅलरींपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात, आणि त्यातला मोठा वाटा भात, पोळी, पोहे, रवा, मैदा यांचा. गोळी यातल्या एका दाण्यालाही हात लावत नाही. उलट चहा ‘सेफ’ झाला म्हणून त्याच्याबरोबर चार मारी बिस्किटं येतात, किंवा दोन खाऱ्या, किंवा बटर. चार बिस्किटांच्या साधारण १०० कॅलरी होतात. पाच चहांपैकी तीन जरी असे झाले तरी साखर सोडून वाचवलेलं सगळं परत आलं आणि वर थोडं जास्त.

बिस्किटांवर मी एवढा जोर देतो त्याला आणखी एक कारण आहे. अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये निरोगी माणसांना दोन आठवड्यांत सात पेयं दिली. नुसतं सुक्रालोज घेणाऱ्यांच्या इन्सुलिनला काही झालं नाही. नुसती साखर घेणाऱ्यांनाही नाही. पण सुक्रालोजबरोबर माल्टोडेक्स्ट्रिन हे पिष्टमय कर्बोदक दिल्यावर इन्सुलिनचा परिणाम मंदावलेला दिसला. अभ्यास लहान होता आणि त्यावरून कायदा करता येणार नाही. तरी गोळीचा चहा आणि सोबत मैद्याचं बिस्किट ही आपल्या घराघरातली जोडी नेमकी याच प्रकारची आहे. बिस्किट सुटल्याने कुणाचं नुकसान होत नाही, म्हणून मी हा सल्ला निःशंकपणे देतो.

आतड्यातल्या जिवाणूंबद्दलही तुम्ही वाचलं असेल. इस्रायलच्या वाइझमन संस्थेने २०१४ मध्ये उंदरांवर दाखवलं की सॅकरिनने जिवाणू बदलतात आणि शुगर हाताळण्याची क्षमता घटते. २०२२ मध्ये त्याच गटाने कृत्रिम गोडवा न खाणाऱ्या १२० माणसांवर दोन आठवड्यांचा प्रयोग केला. मात्रा ठरलेल्या मर्यादेच्या आत होती. सॅकरिन आणि सुक्रालोज घेणाऱ्या गटांमध्ये ग्लुकोज प्यायल्यानंतरची शुगर जास्त चढली. अ‍ॅस्पार्टेम आणि स्टीव्हियाच्या गटांत तसं दिसलं नाही. महत्त्वाचं हे की प्रत्येकाचा प्रतिसाद वेगळा होता. कुणाची शुगर ठळक चढली, कुणाची हललीही नाही. त्याच्या आधी, २०२१ मध्ये, अमेरिकेतल्या दुसऱ्या गटाने सॅकरिनची कमाल मात्रा दोन आठवडे देऊन पाहिली तर काहीच बदल आढळला नव्हता. मी यातून एवढंच घेतो की हे पदार्थ शरीरात पूर्ण निष्क्रिय आहेत, असं आता छातीठोकपणे म्हणता येत नाही. ज्याला साखरेच्या मोठ्या धोक्यापासून वाचायचं आहे त्याने ही छोटी शंका स्वीकारावी. ज्याला दोन्ही टाळता येतात त्याने ती का घ्यावी?

म्हणून तुमच्यासाठी सल्ला वेगळा. ६.१ म्हणजे तुम्ही डायबेटिसच्या आधीच्या टप्प्यात आहात (५.७ ते ६.४ हा तो पट्टा). इथून मागे फिरता येतं. काट्यावर वजन ठीक आहे यावर विसंबू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपल्या माणसांचा ‘बारीक पण चरबीयुक्त’ देह जगापुढे मांडला. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. कमरेला टेप लावा. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या आणि पुरुषाची ९० च्या पुढे गेली, तर काट्याने काहीही सांगितलं तरी पोटातली चरबी वाढली आहे असं धरून चाला.

डायट कोला तुम्ही साखरेच्या कोलाऐवजी घेत असाल तर ती पायरी योग्य होती. आता पुढची घ्या. महिनाभर एक दिवसाआड करा, मग आठवड्यातून एकदा. मधल्या दिवशी ताक, साधा सोडा आणि लिंबू, किंवा नुसतं पाणी. चहातही तसंच: दोन गोळ्यांची एक, मग अर्धी, मग शून्य. जिभेला दोन-तीन आठवडे चुकल्यासारखं वाटतं आणि मग पूर्वीचा चहा अतिगोड लागतो. माझ्या रुग्णांमध्ये हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की कुणी ‘मला नाही जमणार’ म्हटलं तरी मी आग्रह सोडत नाही. गोळी पायाला बांधलेल्या प्लास्टरसारखी वापरावी, हाड जुळेपर्यंत. बाबांनी या वयात, नऊ वर्षांच्या आजारानंतर, चहातला गोडवा ठेवला तर मी त्यांच्याशी वाद घालणार नाही. त्यांच्याशी वाद घालायचा तो खारीवरून आणि रात्रीच्या भातावरून.

आईच्या गुळाबद्दल. गुळात बहुतांश सुक्रोजच असतं, म्हणजे साखरच. लोह आणि इतर खनिजं थोडी असतात, पण ती उपयोगी पडण्याइतका गूळ डायबेटिसच्या माणसाला खाता येत नाही. मध, खडीसाखर, ‘ब्राउन शुगर’, खजुराचा पाक यांनाही हेच लागू. आईंचा हेतू मायेचा आहे, म्हणून वाद न घालता ग्लुकोमीटर समोर ठेवा. गुळाच्या चहाआधी आणि नंतर तासाभराने मोजा. आकडा त्यांना पटेल.

दुकानातली ‘शुगर फ्री’ मिठाई हा मात्र मला सर्वांत जास्त त्रास देणारा प्रकार आहे. दिवाळीनंतरच्या महिन्यात तिचे परिणाम रिपोर्टात दिसतात. बर्फीत, लाडवात साखर गेली तरी खवा, तूप, बेसन, काजू जागेवर असतात. शिवाय साखरेचा घट्टपणा यावा म्हणून बऱ्याचदा माल्टिटॉल किंवा सॉर्बिटॉल हे साखरेसारखे दुसरे गोड पदार्थ घालतात. माल्टिटॉलच्या एका ग्रॅममध्ये साधारण २.१ कॅलरी असतात, म्हणजे साखरेच्या निम्म्याहून जास्त, आणि त्याने शुगरही चढते, साखरेपेक्षा कमी पण चढते. चार तुकडे खाल्ले की पोटात गुडगुड आणि जुलाब. मग रुग्ण येऊन सांगतो की मेटफॉर्मिन सोसत नाही, आणि चांगलं चाललेलं औषध उगाच बदलायची वेळ येते. औषधावर संशय घेण्याआधी त्या आठवड्यात काय खाल्लं ते आठवून पाहा.

‘कीटो’ (कमी कर्बोदकांच्या) बिस्किटांत आणि आइस्क्रीममध्ये बऱ्याचदा एरिथ्रिटॉल हा असाच एक गोड पदार्थ असतो. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांना रक्तात त्याची पातळी जास्त असलेल्यांमध्ये हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात जास्त आढळले. आपलं शरीर स्वतःही थोडं एरिथ्रिटॉल तयार करतं, आणि चयापचय बिघडलेल्यांत ते जास्त तयार होत असावं, म्हणून दोष नक्की कुणाचा हे ठरलेलं नाही. पण ३० ग्रॅम एरिथ्रिटॉल असलेलं पेय प्यायल्यावर दोन दिवसांहून अधिक काळ रक्तातली पातळी चढलेली राहिली, आणि प्रयोगशाळेत त्याने रक्तातल्या प्लेटलेट्स (गुठळी बनवणाऱ्या पेशी) चिकटण्याची प्रवृत्ती वाढलेली दिसली. हृदयात स्टेंट असलेल्या किंवा डायबेटिस जुना झालेल्या माझ्या रुग्णांना मी ते टाळायला सांगतो. बाबांनीही टाळावं.

स्वयंपाकात एक काळजी घ्या. अ‍ॅस्पार्टेम फार वेळ उकळलं की त्याचा गोडवा जातो, म्हणून गोळी चहा गाळल्यावर कपात टाकावी. सुक्रालोज उकळत्या चहात टिकतं, पण केक भाजणं, तळणं यांसारख्या १२० अंशांपुढच्या उष्णतेत त्यातून क्लोरीनयुक्त घातक संयुगं तयार होऊ शकतात, असा इशारा जर्मनीच्या जोखीम-मूल्यमापन संस्थेने २०१९ मध्ये दिला आहे. पुरणपोळी सणाला खऱ्या गुळाची करा आणि बाबांना अर्धी वाढा, सोबत भात कमी करा. मला हे सुक्रालोजच्या पुरणापेक्षा शंभरदा मान्य आहे. आणि घरातल्या लहान मुलांना या गोळ्यांचा चहा किंवा दूध नको. त्यांची जीभ अजून घडते आहे.

शेवटची गोष्ट बाबांच्या जिवाची आहे. ग्लिमेपिराइडने शुगर अचानक खाली जाऊ शकते: हात थरथरणं, घाम, धडधड, बोलण्यात गोंधळ. अशा वेळी घरात नेहमीचा म्हणून गोळीचा चहा किंवा फ्रिजमधला डायट कोला दिला जातो, आणि त्यात शुगर वर आणणारं काहीच नसतं. तेव्हा खरीच साखर लागते: तीन चमचे ग्लुकोज किंवा साखर अर्धा पेला पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, ७० च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढीच. बाबा बेशुद्ध असतील तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना. साखर सोडलेल्या घरातही ग्लुकोजची पुडी सगळ्यांना ठाऊक असलेल्या जागी ठेवा, आणि बाबांच्या खिशात एक वेगळी.

बिस्किटं आणि रात्रीचा भात कमी केल्यावर बाबांची शुगर उतरायला लागली तर हाच धोका वाढतो. त्यामुळे पहिले पंधरा दिवस उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची शुगर एक दिवसाआड लिहून ठेवा, आणि ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. ग्लिमेपिराइडचा डोस कमी करायचा का, ते त्यांना ठरवू द्या.